दोन दिवस मुंबईचे, वही हिंगोलीची

समजा एके दिवशी संध्याकाळी बाबा घरी आले आणि म्हणाले, "हळदीची पट्टी आली. एखादा शनिवार-रविवार धरून मुंबई करून येऊ." काय कराल? उड्या माराल! आणि मग? मग बहुतेक घरांत जे होतं तेच होईल. आजी दशम्यांचं पीठ काढील, आई बॅग शोधील, मुंबईच्या नाहीतर डोंबिवलीच्या काकांना फोन जाईल आणि "काय बघायचं ते तिथं गेल्यावर बघू" असं ठरेल. म्हणजे काहीच ठरणार नाही! दोन दिवस लोकलमध्ये आणि रांगेत जातील. घरी आल्यावर शेजारच्यांनी विचारलं, "काय पाहिलंस?" तर तुम्ही म्हणाल, "गर्दी."

म्हणून या वेळी एक कोरी वही घ्या आणि सहलीचे मुकादम तुम्ही व्हा. हे काम लुटुपुटूचं नाही बरं का. हिंगोली ते मुंबई रेल्वेनं सहाशे किलोमीटरांच्या वर अंतर आहे. चार माणसांचं जाणं-येणं, राहणं, जेवणखाण यांचा खर्च म्हणजे सोयाबीनची किती पोती, ते बाबांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची सगळी पानं मग आपोआप जपून लिहाल.

मुंबई आपली राजधानी आहे हे तुम्हाला पाठ आहे. पण घरात कुणी खूप म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारून बघा. त्यांच्या लहानपणी हिंगोलीची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती! आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे पणजोबा राजधानीला निघाले तर हैदराबादेला जायचे. तुम्ही समुद्राकडे निघालात.

आधी तिकीट, मग बॅग

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं (आधी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं). तेव्हा कॅलेंडर घेऊन दोन महिने पुढचा शनिवार शोधा. जोडून सोमवारची सुट्टी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर शनिवारची सकाळची शाळा बुडणार; रजेचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहायचा. आम्हा शिक्षकांना असा अर्ज आवडतो, खरंच सांगतो.

गाडी कोणती घ्यायची? २०२४ पासून जनशताब्दी एक्स्प्रेस हिंगोलीपर्यंत येऊ लागली. आपल्याच फलाटावरून थेट मुंबई, ही मोठीच सोय. पण ती दिवसाची गाडी, तिच्यात फक्त बसायच्या जागा आणि अख्खा दिवस खिडकीतच जातो. ज्यांच्याकडे चार दिवस आहेत त्यांनी तिनं जावं. आपल्याकडे दोनच आहेत. त्यापेक्षा शुक्रवारी एसटीनं परभणी गाठावी आणि रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरावी. झोपेत अंतर कापलं जातं आणि सकाळी मुंबई. रविवारी रात्री तीच गाडी परतीला मिळते. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्लीपरमध्ये वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, आईच्या बर्थवर मावत असाल तर अर्धं. कसं करायचं ते वजन आणि उंची बघून घरातच मिटवा!

राहण्याचा प्रश्न थोडा नाजूक आहे. काका डोंबिवली-कल्याणला असतील तर त्यांच्याकडेच उतरायचं असं घरात ठरलेलं असतं. पण कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५३ किलोमीटर. लोकलनं एका खेपेला तासापेक्षा जास्त. दोन दिवसांत चार खेपा, म्हणजे पाच-सहा तास नुसते लोकलमध्ये. शिवाय रविवारी रेल्वे दुरुस्तीसाठी 'मेगाब्लॉक' घेते. साधारण सकाळच्या उत्तरार्धापासून दुपारपर्यंत काही मार्गांवर गाड्या कमी होतात किंवा वळवतात. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे ते आधी जाहीर होतं, ते बघायचं काम तुमचं. माझं मत विचाराल तर एक रात्र दक्षिण मुंबईत किंवा दादरला साधी खोली घ्यावी आणि काकांनाच चौपाटीवर भेळ खायला बोलवावं. काका रागावणार नाहीत.

सूर्य जिकडे, आपण तिकडे

आता नकाशा उघडा. दक्षिण मुंबई म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची अरुंद जीभ. पूर्वी ही सात बेटं होती. मधली खाडी भरून एक केली. या जिभेच्या पूर्वेला गेटवे ऑफ इंडिया आणि पश्चिमेला मरीन ड्राइव्ह. दोन्हींमधलं अंतर दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे पायी जाण्यासारखं. सकाळी पूर्वेच्या काठावर, संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर. सूर्य डोक्यावरून पलीकडे जातो, तसे आपणही शहर ओलांडून जायचं. एवढं एक सूत्र धरलं की शनिवार आखून झाला.

चौथीच्या वर्गात मला एकदा प्रश्न आला होता, "गुरुजी, समुद्र सिद्धेश्वर धरणापेक्षा मोठा असतो का?" वर्ग हसला, पण प्रश्न चांगला होता. धरणाचा पलीकडचा काठ दिसतो. गेटवेपाशीसुद्धा पलीकडचे डोंगर दिसतात, कारण ते बंदर आहे, मोकळा समुद्र नव्हे. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून नैर्ऋत्येकडे बघितलं तर मात्र काठ दिसत नाही. मुंबईहून सरळ पश्चिमेला निघालं तर पुढचा काठ ओमान देशाचा, दीड हजार किलोमीटरांहून दूर!

पाऊणकीचा पाढा आणि भरती

आता या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, ही भरती-ओहोटी भूगोलात आहेच. पण मुंबईत तुम्ही पोचाल त्या दिवशी भरती किती वाजता असेल? हे हिंगोलीत बसून, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं. कोकणातली माणसं पिढ्यान् पिढ्या काढत आली आहेत.

कॅलेंडरमध्ये त्या तारखेची तिथी बघा. शुद्ध पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासूनचा आकडा घ्या. चतुर्थी म्हणजे ४. त्याला पाऊणनं गुणा. चार पाऊण तीन! म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५. पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरतीपासून सहा तास पुढे गेलं की ओहोटी. आजोबांना पाऊणकी पाठ असेल. त्यांच्या पावकी-निमकी-पाऊणकीला आपण उगाच हसतो.

हिशेब थोडा मागेपुढे होतो. भरती रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते आणि आपण पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं धरतो. शिवाय काठही सगळे सारखे नाहीत. म्हणून तासभर इकडेतिकडे चालेल असं समजा आणि पक्की वेळ मोबाईलवर ताडून बघा. तुमचं उत्तर आणि मोबाईलचं उत्तर शेजारी शेजारी वहीत लिहा.

याचा उपयोग काय? खूप. हाजीअलीचा दर्गा समुद्रात आहे आणि तिथं जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. पौर्णिमेला दुपारी बाराला गेलात तर लांबूनच नमस्कार करून परतावं लागेल! त्याच दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी, म्हणजे गिरगाव चौपाटीवर वाळू भरपूर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती जोराची, अष्टमीच्या आसपास मवाळ. आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याखाली ते चार पायांचे सिमेंटचे मोठाले ठोकळे असतात ना, त्यांवर कधीही उतरायचं नाही. शेवाळानं ते निसरडे असतात आणि मध्ये माणूस अडकला तर बाहेर काढणं अवघड होतं. आपण कयाधूच्या काठची मुलं, पोहायला येतं म्हणून समुद्राशी बरोबरी करायची नाही.

शनिवार

गाडीतून उतरलात की आधी मागे वळून स्टेशनच बघा. ही इमारत १८७८ मध्ये बांधायला घेतली, दहा वर्षं लागली, आणि २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला याच परिसरातून, बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती. भिंतीवरचे दगडी प्राणी मोजत बसा, तोवर मोठ्यांचा चहा होईल.

मग गेटवे. पंचम जॉर्ज राजा १९११ मध्ये इथं उतरला म्हणून ही कमान. गंमत अशी की राजा आला तेव्हा कमान झालीच नव्हती! त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली. खरी कमान पुरी झाली १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून गेली.

इथून लाँचनं घारापुरी, तासाभराचा प्रवास. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एखादी धरा. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, म्हणून ही सहल दिवाळीनंतरची. लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय, ते अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय बसायचं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं. उकडतं म्हणून बाबांनी ते काढलं तर त्यांना घालायला लावणं हेही मुकादमाचं काम!

औंढ्याचं नागनाथाचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. तिथं दगडावर दगड रचले आहेत. घारापुरीला उलट आहे: डोंगर आधीच होता, नको तो दगड काढून टाकला आणि खांब, छत, देव उरले. आतली शिवाची तीन मुखांची मूर्ती सुमारे सहा मीटर उंच, म्हणजे दोन मजली घराएवढी. वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि माकडं दशम्यांवर टपलेली असतात. आणखी एक गोष्ट वहीत लिहा: मुंबईपासून तासाभरावर असलेल्या या बेटावर समुद्राखालून तार टाकून वीज पोचली ती २०१८ मध्ये.

परत येऊन जेवलात की अंगात त्राण असेल तर जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. नसेल तर सोडून द्या. हुतात्मा चौकात मात्र दोन मिनिटं थांबा. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून शंभरावर माणसांनी प्राण दिले, त्यांचं स्मारक तिथं आहे. मग चालत मरीन ड्राइव्ह. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी पोचा.

रविवार

राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बुधवारी बंद, रविवारी तुडुंब. म्हणून दार उघडताच आत. सगळी मुलं पेंग्विनकडे धावतात, धावा तुम्हीही. पण मग शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती शोधा. हा मूळचा घारापुरीचा! याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं. १८६४ च्या सुमाराला त्याला इंग्लंडला न्यायला उचललं, तेव्हा तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून त्याला इथं उभा केला. जोडाच्या रेघा दिसतात का बघा.

दुपारी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. तिथं 'हात लावू नये' अशी पाटी नाही, उलट हात लावायचाच. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो पार कफ परेडपर्यंत धावते आणि तिला 'विज्ञान केंद्र' नावाचं स्टेशनच आहे. सीएसएमटीहूनही ती मिळते. रस्त्यातली गर्दी टळते आणि जमिनीखालून जायची मजा वेगळी.

पालकांनो, तुमच्या लहानपणीचं तारापोरवाला मत्स्यालय कोरोनाच्या काळात बंद झालं. चौकशी केल्याशिवाय मुलांना कबूल करू नका. नटांचे बंगले यादीतून काढा, तिथं फाटकं दिसतात. आजीला सिद्धिविनायक हवा असेल तर रविवारी पहाटेच उरकावा.

आणि प्रत्येक मुलाच्या खिशात आई-बाबांचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच. लोकलमध्ये चुकामूक झाली तर आत राहिलेल्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून जागेवरच उभं राहायचं, फलाटावर राहिलेल्यानं हलायचं नाही. शोधायला मोठे येतील. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून ठेवा.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी, भेळ, काका. निघताना एक लिटरची रिकामी बाटली समुद्राच्या पाण्यानं भरून घ्या. प्यायची नाही, चाखायचीही नाही! बूच घट्ट लावा, नाहीतर बॅगेतले कपडे खारवतील. घरी ते पाणी फडक्यानं गाळा, पसरट थाळीत ओता आणि हिंगोलीच्या उन्हात गच्चीवर ठेवा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. थाळीत काय उरतं ते किराणा दुकानदाराच्या काट्यावर मोजा आणि आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.