मोतीबिंदूचे भिंग निवडताना

डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. शस्त्रक्रियेत ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविले जाते. पूर्वी असे भिंग नसे. मोतीबिंदू काढलेल्या आजी-आजोबांना बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर वागवावा लागे.

कृत्रिम भिंगाची कल्पना सुचली ती दुसऱ्या महायुद्धातील जखमांवरून. ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक प्लास्टिक छताचे कपचे घुसत. पण त्यांचा डोळ्याला फारसा त्रास होत नाही, हे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच प्रकारच्या प्लास्टिकचे भिंग बसविले. मात्र पहिल्या रुग्णाचा नंबर उणे १८च्या घरात गेला. भिंगाची शक्ती चुकली होती!

आज ही शक्ती डोळ्याची लांबी व पारपटलाची वक्रता मोजून ठरवितात. लांबीच्या मोजमापात एक मिलिमीटरची चूक झाली, तरी नंबर अडीच-तीनने बदलू शकतो. म्हणून भिंग कोणत्या कंपनीचे, यापेक्षा मोजणी किती काळजीपूर्वक झाली, हे अधिक महत्त्वाचे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीपूर्वी काही दिवस त्या काढून ठेवाव्यात.

कडक भिंगासाठी पाच-सहा मिलिमीटरचा छेद लागतो. घडी होणारे 'फोल्डेबल' भिंग दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते आणि बहुधा टाका घालावा लागत नाही. परदेशी भिंगे सामान्यांना परवडत नसत. १९९२ मध्ये मदुराईत 'ऑरोलॅब'ने स्वस्त भिंगांचे उत्पादन सुरू केल्यावर हे चित्र बदलले.

खरा पेच असतो तो प्रकार निवडण्याचा. एककेंद्री भिंगाने साधारणतः दूरचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा लागतो. महागडे बहुकेंद्री भिंग प्रकाश विभागून दूरचे व जवळचे दोन्ही दाखविते. पण त्यामुळे प्रतिमेचा उठाव कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. रात्री वाहन चालविणाऱ्याला किंवा मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलेल्या रुग्णाला ते बहुधा मानवत नाही. पॅकेजच्या दरपत्रकात मात्र याचा उल्लेख क्वचितच आढळतो. पारपटलाच्या वाकड्या वक्रतेमुळे मोठा सिलिंड्रिकल नंबर असल्यास 'टोरिक' भिंगाचा पर्याय असतो.

शस्त्रक्रियेनंतर भिंगाचा प्रकार व शक्ती नोंदविलेले कार्ड मागून घ्यावे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर प्रथम तेच विचारतात.