चिलखताचे गणित

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाला शाळेची सहल गेली की मुले लखुजीराव जाधवांचा राजवाडा पाहतात. जिजाबाईंचा जन्म येथेच १५९८ साली झाला. राजवाडा पाहून झाला की सहल लखुजीरावांच्या भव्य समाधीपाशी येते. १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात भेटीला गेले असताना, लखुजीराव मुलांसह दग्याने मारले गेले. ही हकिकत ऐकल्यावर एखादे मूल हमखास विचारते, "मग त्यांनी चिलखत का नाही घातलं?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो टाळू नये. चिलखत इतके उपयोगी असेल, तर माणसे ते सदासर्वदा का घालत नसत? उत्तरासाठी थोडे विज्ञान लागेल आणि थोडा इतिहास.

आपल्याकडचे सर्वांत परिचित चिलखत लोखंडी कड्यांचे. एका कडीत शेजारच्या चार कड्या ओवायच्या, त्या प्रत्येकीत आणखी चार, अशी जाळी वाढत जाते. फारसीत या जाळीच्या चिलखताला 'जिरह' म्हणतात. आपल्या 'जिरेटोप' शब्दातला 'जिरे' तोच. कड्यांसाठी तार लागे. सोनाराच्या जंतरासारख्या, लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून लोखंड ओढून ती काढत. तारेचे वेटोळे तोडून कड्या करायच्या. चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीची टोके चपटी करून एकमेकांवर चढवत आणि बारीक रिवेट मारून पक्की करत.

अशा किती कड्या लागतील? वर्गात हिशेब करता येतो. समजा, तारेची जाडी १.२ मिलिमीटर आणि कडीचा सरासरी व्यास ९ मिलिमीटर आहे. तारेची लांबी सुमारे २८ मिलिमीटर आणि घनफळ सुमारे ०.०३२ घन सेंटिमीटर येते. लोखंडाची घनता ७.८, म्हणून एक कडी पाव ग्रॅमची. चिलखत १० किलोचे धरले तर कड्या झाल्या ४० हजार! एका कडीला एक मिनिट लागले आणि कारागिराने रोज आठ तास काम केले, तरी एकट्याला ऐंशीहून अधिक दिवस लागतील. चिलखत सरदाराच्या अंगावर दिसे आणि साध्या शिपायाच्या अंगावर क्वचितच, याचे एक कारण या गुणाकारात आहे. म्हणूनच ते केवळ संरक्षण नव्हते, मानाची खूणही होती.

आता ते वार कसा अडवते ते पाहू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तलवारीची धार ५ सेंटिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद भागावर टेकली, तर क्षेत्रफळ होते अवघे १० चौरस मिलिमीटर. तेच बल कड्यांमधून आणि त्याखालच्या कापसाच्या अस्तरातून २० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर दाब दोनशे पट कमी होतो. कातडी कापली जात नाही. अस्तराचे आणखी एक काम असते. ते दबते, त्यामुळे धक्का बसायला लागणारा वेळ वाढतो आणि बल कमी होते. झेल घेताना आपण हात मागे नेतो, तसेच हे. अस्तराविना नुसती जाळी घातली, तर जखम टळूनही हाड मोडू शकते.

टोकाचे हत्यार मात्र वेगळे. बाणाचे किंवा भाल्याचे निमुळते टोक कडीत शिरते आणि पाचरीसारखे तिला आतून फाकवते. यावर उपाय म्हणून छाती, पाठ आणि दोन कुशी यांवर चार पत्रे बांधत. त्याला 'चार आईना', म्हणजे चार आरसे, म्हणत.

मग सगळे अंगच पत्र्याने का मढवू नये? एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन ७.८ किलो भरते. जाडी तीन मिलिमीटर केली की २३ किलोच्या वर. वजनाची ही अडचण फार जुनी आहे. बायबलमध्ये गल्याथ नावाच्या योद्ध्याच्या खवल्याखवल्यांच्या पितळी चिलखताचे वजन ५,००० शेकेल सांगितले आहे. शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा धरला, तर ते ५७ किलो होते. त्याच्याशी लढायला निघालेल्या दावीदला शौल राजाने आपले चिलखत चढवले. दावीदला त्यात चालता येईना. त्याने ते उतरवले आणि तो गोफण घेऊन गेला. आकडे खरे असोत वा नसोत, कथा सांगणाऱ्याला वजन आणि चपळाई यांतला व्यवहार नेमका कळला होता.

त्यात आपल्याकडचे ऊन. विदर्भातल्या मे महिन्यात उघडे लोखंड हाताला चटका देते, आणि जाड अस्तर घामाचे बाष्पीभवन रोखते. वेगाने दौड करणाऱ्या स्वाराला कापूस भरून टाके घातलेला डगला पुष्कळदा अधिक सोयीचा पडे.

शेवटी बंदूक आली. एक किलोची तलवार सेकंदाला १२ मीटर वेगाने आली तर तिची गतिज ऊर्जा ७२ ज्यूल. वीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने आली तर १,६०० ज्यूल! कड्यांची जाळी इथे हरते. आजच्या बुलेटप्रूफ जाकिटात मजबूत कृत्रिम धाग्यांचे अनेक थर असतात. ते ताणले जाऊन गोळीची ऊर्जा मोठ्या भागावर पसरवतात. मोठ्या रायफलीच्या गोळीसाठी मात्र त्यांत कठीण पट्ट्याही घालाव्या लागतात.

आता मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. चिलखत रणात घालायचे असते. दरबारात उघडपणे घालून जाणे म्हणजे "माझा तुमच्यावर विश्वास नाही" असे भर सभेत सांगणे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीला जाताना लखुजीरावांचे नातू, शिवाजी महाराज, अंगरख्याखाली चिलखत घालून गेले, असा वृत्तान्त परंपरेने चालत आला आहे. भेटीचा रिवाज पाळायचा आणि जीवही सांभाळायचा, तर चिलखत कपड्याखालीच हवे. आणि तिथे जाड पत्र्यापेक्षा, अंगाबरोबर वळणारी कड्यांची जाळीच चालते.

करून पाहा : ओल्या मातीचे चार सारखे गोळे घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर लोखंडी जाळीचा तुकडा, तिसऱ्यावर आठपदरी सुती कापड, आणि चौथ्यावर कापड व त्यावर जाळी ठेवा. प्रत्येकावर ५० सेंटिमीटर उंचीवरून एकच मोठा खिळा टोक खाली ठेवून सोडा. हात बाजूला ठेवा. प्रत्येक खड्ड्याची खोली मोजून तक्ता करा. मग खिळा आडवा टाकून पुन्हा मोजा. कोणत्या हत्याराला कोणते कवच, हे मुले स्वतःच सांगतील.