पेरोव्हस्काइट अर्धवाहक : प्रकाश उत्सर्जक डायोडपासून लेसरपर्यंत

प्रस्तावना :
उरल पर्वतातील एका खनिजास १८३९ मध्ये गुस्ताव रोझ यांनी ‘पेरोव्हस्काइट’ हे नाव दिले. त्याच धर्तीची स्फटिकरचना असलेले शिसे व हॅलोजनयुक्त अर्धवाहक द्रावणातून, कमी तापमानास, पातळ थराच्या रूपात तयार करता येतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये त्यांपासून कक्ष तापमानास चालणारा प्रकाश उत्सर्जक डायोड (एलईडी) सिद्ध केला. २०१८ मध्ये अशा डायोडची बाह्य क्वांटम कार्यक्षमता २० टक्क्यांपलीकडे गेली. मग त्याच डायोडचा लेसर का होऊ नये, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डायोड व लेसर यांतील भेद :
डायोडमध्ये इलेक्ट्रॉन व होल यांच्या संयोगातून प्रकाश आपोआप, सर्व दिशांना बाहेर पडतो. लेसरमध्ये मात्र आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेले उद्दीपित उत्सर्जन प्रभावी व्हावे लागते. त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : उत्तेजित कणांची पुरेशी घनता आणि प्रकाशाला पुनःपुन्हा परावर्तित करणारे आरशांचे विवर.

मुख्य अडचण :
बाहेरून प्रकाश टाकून पेरोव्हस्काइटमध्ये लेसरक्रिया घडविणे २०१४ मध्येच साध्य झाले होते. विद्युत्‌प्रवाहाने तसे करताना मात्र प्रवाहाची घनता फार वाढवावी लागते. परिणामी उष्णता साचते, आयन जागा सोडतात, प्रकाश न देता होणारे संयोग वाढतात आणि पदार्थाचा ऱ्हास होतो. म्हणजे जे साधन लेसर व्हावयाचे, तेच आधी निकामी होते.

द्विविवर रचना :
२०२५ मध्ये चीनमधील चच्यांग विद्यापीठाच्या संशोधकांनी यातून निराळी वाट काढली. त्यांनी विवरयुक्त, शक्तिशाली पेरोव्हस्काइट डायोड आणि पेरोव्हस्काइटच्या एकस्फटिकाचे दुसरे विवर एकावर एक रचले. प्रवाह केवळ डायोडमधून जातो. त्याचा प्रकाश स्फटिकात शिरून तेथे लेसरक्रिया घडवितो. किमान उंबरठा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला ९२ अँपिअर इतका आढळला. दर सेकंदाला १० स्पंद दिले असता तीव्रता निम्म्यावर येण्यास सुमारे १.८ तास लागले.

निष्कर्ष :
या साधनास विद्युत्‌चालित म्हणणे योग्यच आहे. तथापि लेसरक्रिया घडविणाऱ्या स्फटिकात प्रवाह थेट शिरत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गॅलियम आर्सेनाइडचा लेसर १९६२ मध्ये प्रथम सिद्ध झाला, तेव्हा तोही अतिशीत तापमानास व स्पंदांवरच चालत असे. पेरोव्हस्काइटचे भवितव्य यापुढे टिकाऊपणा, उष्णतेचे नियमन आणि शिशाच्या विषारीपणावरील उपाय यांवर अवलंबून राहील.