गोबीचा लाल रंग पोटात काय करतो?

संध्याकाळी दुर्गदबैलला गाड्या लागल्या की गोबी मंच्युरियनचा लालभडक ढीग लांबूनच दिसतो. त्यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मोठी मंडळी म्हणतात, "त्या रंगानं पचन बिघडतं." मुलं म्हणतात, "इतकी वर्षं खातोय, काय झालं?" मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

शाळेत शिकलेली विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, आठवतात ना? जठरातले पेप्सिन आणि लहान आतड्यातले ट्रिप्सिन प्रथिने तोडतात. प्रत्येक एन्झाइमला एक खाच असते. अन्नाचा रेणू तिच्यात नीट बसला तरच काम होते. काही कृत्रिम रंग एन्झाइमला चिकटतात, त्याचा आकार थोडा बदलतो आणि काम मंदावते. हे परीक्षानळीत दिसले आहे. पण परीक्षानळीत रंग आणि एन्झाइम दोघेच असतात. पोटात रंगाला चिकटायला अन्नातली इतर प्रथिनेही असतात आणि शरीर नवे पाचकरस सतत बनवत असते. त्यामुळे एका प्लेटने पचन बंद पडत नाही. खाल्ल्यावर पोट जड होते, त्याला रंगापेक्षा तेल अधिक जबाबदार असते, कारण तेलकट खाण्याने जठर हळू रिकामे होते.

मग रंग बिनधास्त खावा का? मुळीच नाही. 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनचे 171 नमुने तपासले. 107 मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग निघाले. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन अशी त्यांची नावे. कॉटन कँडीत तर रोडामिन-बी सापडले. तो कपडे रंगवण्याचा रंग, अन्नात त्याला परवानगीच नाही. 11 मार्चला गोबीत कृत्रिम रंग आणि कॉटन कँडीत रोडामिन-बी वापरण्यावर बंदी आली, जूनमध्ये कबाबच्या रंगावरही.

टार्ट्राझिनसारखे रंग कायद्याने फक्त ठरावीक पदार्थांत चालतात, तेही ठरवून दिलेल्या मापातच. गाडीवर अंदाजाने टाकलेल्या चिमटीला हे माप कुठून कळणार? आणि सर्वांत जास्त खाणारी असतात लहान मुले, ज्यांचे वजन कमी. म्हणजे तेवढ्याच रंगाचा भार त्यांच्यावर जास्त.

गंमत म्हणजे लाल रंगासाठी पुडी लागतच नाही. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगीची मिरची, आपली बेडगी, तिखटापेक्षा रंगासाठीच प्रसिद्ध. 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ती भिजवून वाटली की गोबीला छान रंग येतो; फक्त तो भडक नसतो, विटकरी असतो.

तेव्हा पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी गाडीवाल्या अण्णांना एवढेच विचारा, "कलर टाकलाय का?" दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकरावी प्लेट विटकरी होईल.