चित्रकाराचे नृत्य

सन १९२३ मधील गोष्ट. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउस या विख्यात नाट्यगृहात राधा-कृष्णांच्या कथेवरील एक नृत्य सादर झाले. राधेच्या वेषात होत्या रशियाच्या जगप्रसिद्ध नर्तकी ॲना पाव्हलोव्हा. कृष्ण झाला होता बावीस वर्षांचा एक भारतीय तरुण. तो चित्रकलेचा विद्यार्थी होता. शास्त्रोक्त नृत्याचे रीतसर शिक्षण त्याने कोणा गुरूपाशी घेतलेले नव्हते; तरीही त्या नृत्याची रचना त्याचीच होती! या तरुणाचे नाव उदयशंकर.

न शिकताच हे कसे साधले, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. उदयशंकर यांचे पहिले गुरू म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे. त्यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे झाला. बालपणाचा बराच काळ गाझीपूरजवळील नसरतपूर या खेड्यात गेला. तेथे मातादीन नावाचा एक चर्मकार नाचत असे. त्याचे नृत्य पाहताना लहानगा उदय देहभान विसरून जाई. पुढे १९१८ मध्ये वडिलांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठविले आणि तेथून ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. चित्रकाराला पाहण्याची सवय जडते. उभ्या माणसाच्या देहाचा भार कोणत्या पायावर आहे, मान किती कलली आहे, बोटांची रेषा कोठे जाऊन संपते, हे त्याची नजर चटकन टिपते. आपल्या देशातील मूर्ती व चित्रे उदयशंकरांनी अशाच दृष्टीने न्याहाळली. शिल्पातील आकृती एका क्षणी थबकलेली असते. त्या क्षणापूर्वी तिने कोणते पाऊल टाकले असेल आणि यापुढे ती कोठे वळेल, याचा विचार करू लागले की दगडातून नृत्य जागे होते.

पाव्हलोव्हांच्या संचाबरोबर त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. पुढे पॅरिसमधील काही वर्षे त्यांना हलाखीत काढावी लागली. १९३० मध्ये ॲलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीच्या साहाय्याने ते भारतात आले. येथून वादक, वाद्ये व वेष गोळा करून त्यांनी स्वतःचा संच उभारला आणि मार्च १९३१ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर पाऊल ठेवले. या संचात दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो त्यांचा धाकटा भाऊ. पुढे सतारवादक पंडित रविशंकर म्हणून त्याची कीर्ती झाली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य विष्णुदास शिराळी हेही संचाच्या संगीताचा भार वाहत होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये भरलेले मोठे प्रदर्शन पाहण्यासाठी बंगालमधून वडिलांबरोबर आलेली, तुमच्याच वयाची एक मुलगी या कुटुंबाच्या सहवासात आली. तिचे नाव अमला. तिची आठवण ठेवा.

परदेशात मानसन्मान मिळत होता. परंतु उदयशंकरांच्या मनात वेगळेच स्वप्न घोळत होते. १९३८ मध्ये ते मायदेशी परतले आणि हिमालयाच्या कुशीत, अलमोड्याजवळ सिमतोला येथे त्यांनी कलाकेंद्राची उभारणी आरंभिली. कथकळीसाठी शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अंबी सिंग आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीनखाँ असे थोर गुरू त्यांनी एका ठिकाणी आणले. मला मात्र विशेष वाटते ते उदयशंकरांच्या स्वतःच्या वर्गाचे. तेथे मुलांना आधी चालावयास शिकवीत! तालावर नीट चालणे किती अवघड आहे, हे ज्याने शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांची एखादी रांग रंगमंचावर आणली असेल त्यालाच ठाऊक. त्यानंतर विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कल्पनेने हालचाली शोधावयाच्या. गुरूची नक्कल करून तेथे भागत नसे.

या विचारातून घडलेली एक रचना म्हणजे ‘श्रम आणि यंत्र’. तोवर आपल्या नृत्यांत बहुधा देव, देवता, राजे आणि नायिका असत. उदयशंकरांनी रंगमंचावर कारखाना उभा केला. नर्तकांचे हात दट्ट्यांसारखे मागेपुढे होत, देह चाकांसारखे फिरत. यंत्रापुढे राबणारा मजूर हळूहळू यंत्रासारखाच होऊन जातो आणि शेवटी त्याच्यातील माणूस उसळून उठतो, हे एकाही शब्दावाचून प्रेक्षकांना उमगे. काही जाणकारांनी त्यांच्या नृत्याला शास्त्राचा आधार नाही, असा आक्षेप घेतला. तो सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु मजुराच्या हातांना कोणती मुद्रा द्यावी, हे जुन्या ग्रंथांत कोठून सापडणार? ती शोधूनच काढावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पैसा आटला आणि काही वर्षांतच केंद्राला टाळे लागले. तेथील मंडळी पांगली. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्वतःचा नृत्यसंच स्थापिला. कोवळ्या वयात तेथे शिकलेले गुरुदत्त चित्रपट-दिग्दर्शक झाले.

चित्र भिंतीवर टिकते, ग्रंथ कपाटात टिकतो. नृत्य मात्र नर्तक थांबताच संपते. म्हणूनच की काय, केंद्र गेल्यावर उदयशंकरांनी मद्रासला ‘कल्पना’ हा चित्रपट काढला. हिमालयात कलाकेंद्र उभारू पाहणाऱ्या एका नर्तकाची ती कथा आहे. नायकाची भूमिका त्यांनी स्वतः केली. नायिका झाल्या अमला. त्या आता त्यांच्या पत्नी होत्या. १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला, पण त्याला धंद्यात यश आले नाही. उदयशंकरांना १९७१ मध्ये ‘पद्मविभूषण’ हा सन्मान लाभला आणि २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले.

‘कल्पना’ची जुनी फीत पुढे खराब होत गेली. ती परिश्रमपूर्वक दुरुस्त करण्यात आली आणि २०१२ मध्ये फ्रान्समधील कान येथील चित्रपट-महोत्सवात हा चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. त्या महोत्सवाला नव्वदी ओलांडलेल्या अमलाशंकर आवर्जून गेल्या होत्या. ज्या देशात लहानपणी त्यांनी उदयशंकरांना प्रथम पाहिले, त्याच देशात चौसष्ट वर्षांपूर्वीचे ते दोघे पुन्हा नाचत होते.