जुनी मशीनं, आपली अक्षरं (लेखांक ६) : पंखा फिरतो, पडदा काळाच

मागच्या आठवड्यात आपण बटण दाबल्यावर हूं की चूं न करणाऱ्या मशीनपाशी थांबलो होतो. तिथे निदान संभ्रम नसतो. वीज आत पोचत नाही, एवढं नक्की कळतं. या वेळचं दुखणं जास्त फसवं आहे. पंखा फिरतो, समोरचा दिवा लागतो, आणि पडदा काळाच राहतो.

येवल्यातल्या एका जुन्या छापखान्यातलं ४८६ मशीन सध्या माझ्या टेबलावर आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर असेंबल करून घेतलेलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, पैठणीच्या दुकानांची बिलबुकं, दशक्रियेची पत्रकं, असं गावाचं सगळं बरं-वाईट या मशीनवर जुळवलं गेलं. मालकांना मशीन विकायचं नाही, मिरवायचंही नाही. त्यांना आतलं साहित्य हवंय. गावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या स्मरणिकेचा मजकूर त्यात आहे, आणि छापील प्रत कुणाकडेच उरलेली नाही.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. मशीन चालू होत नसेल तर ते पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. जुन्या हार्डडिस्कला सगळ्यात जास्त ताण फिरायला लागण्याच्या क्षणी येतो. त्या काळातल्या डिस्कमध्ये वाचणारी मुंडकी विश्रांतीच्या वेळी थेट तबकडीवर टेकलेली असतात. वर्षानुवर्षं बंद राहिल्यावर ती तिथेच चिकटून बसू शकतात. अशा डिस्कला दर वेळी झटका देणं म्हणजे तबकडीचा पृष्ठभाग पणाला लावणं. ‘एकदा फॉरमॅट मारून बघू’ असं कुणी म्हणालं, तर मशीन त्याच्या हाती देऊच नका.

आता मशीन जागं होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते बघू. हा क्रम डोक्यात असला की काळा पडदासुद्धा बरंच काही सांगतो.

बटण दाबलं की एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, २३० व्होल्टच्या विजेतून ५ आणि १२ व्होल्टचे प्रवाह तयार करतो. ते स्थिर होईपर्यंत प्रोसेसरला दाबून धरलेलं असतं. सगळं ठीक झालं की एसएमपीएस एका वेगळ्या वायरवरून ‘वीज नीट आहे’ असा इशारा देतो, आणि तेव्हाच प्रोसेसर सुटतो. सुटल्यावर तो एकाच ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे बायोसच्या चिपमधली पहिली आज्ञा असते. बायोस आधी स्वतःची बेरीज तपासतो, मग कीबोर्डची चिप, मेमरीचा सुरुवातीचा भाग, मग डिस्प्ले कार्ड. डिस्प्ले कार्ड सापडल्यावरच पडद्यावर पहिलं अक्षर उमटतं. त्यानंतर मेमरीची मोजणी, फ्लॉपी, हार्डडिस्क, आणि शेवटी डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांमधला छोटा प्रोग्रॅम. डॉस किंवा विंडोज यानंतर येतं.

येवल्यातल्या विणकराला हा क्रम लगेच उमगेल. जकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी फिरते. एक पुठ्ठा, एक ओळ. नक्षी जिथे बिघडली त्या ओळीचा पुठ्ठा विणकर आधी बघतो, अख्खा माग खोलत बसत नाही. आपल्यालाही तेच करायचंय: साखळी कुठल्या पुठ्ठ्यावर अडली ते शोधायचं. पडदा काळा असेल, तर अडचण डिस्प्ले कार्ड सापडण्याच्या आधीची आहे. म्हणजे विंडोजचा, व्हायरसचा किंवा हार्डडिस्कवरच्या फायलींचा इथे बहुधा काहीच संबंध नाही. एवढं समजलं तरी फॉरमॅट मारणारा हात थांबतो.

झाकण उघडण्याआधी एक धोका नीट समजून घ्या. १९९५ मध्ये एटीएक्स पद्धत आली, त्याआधीच्या एटी कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वीज नेलेली असते. चार जाड वायरी एसएमपीएसमधून निघून पुढच्या पट्टीपर्यंत जातात. मशीन ‘बंद’ असलं तरी प्लग भिंतीत असेल तर तिथे शॉक बसतो. प्लग काढूनच हात घाला. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात.

झाकण निघाल्यावर मी सगळ्यात आधी हार्डडिस्कची पट्टी आणि वीज सोडवली आणि डिस्क बाहेर काढून ठेवली. मदरबोर्डवर काहीही प्रयोग करताना ती आत असता कामा नये.

मग टॉर्च घेतला. ४८६ च्या बहुतेक बोर्डांवर कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ एक छोटी नळकांडी बसवलेली असते, साधारण ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. घड्याळ आणि सेटिंग तिच्यावर टिकतात. मशीन चालू असताना ती चार्ज होते, बंद राहिल्यावर उतरते, आणि काही वर्षांनी गळायला लागते. त्या काळच्या बोर्डांना तिच्याइतकं कशानेच मारलेलं नाही, असं माझं मत आहे. तिच्यातला द्राव अल्कधर्मी असतो. तो तांब्याच्या बारीक रेषा खात जातो, मागे निळसर-हिरवी बुरशीसारखी पूड राहते.

आणि ती बसवलेली असते नेमकी कीबोर्डच्या कंट्रोलर चिपशेजारी. ही चिप फक्त कळा वाचत नाही. एटी पद्धतीच्या मशीनमध्ये १ मेगाबाइटच्या वरच्या मेमरीचा दरवाजा उघडण्याचं कामही तिच्याकडे दिलेलं आहे. त्यामुळे तिच्याकडे जाणारी एखादी रेषा कुजली की बायोस सुरुवातीलाच अडतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रोसेसर गेला, बोर्ड मेला. या छापखान्याच्या मशीनमध्ये हेच झालं होतं. असे बोर्ड भंगारात जाताना पाहिले की वाईट वाटतं, कारण त्यातले बरेच दुरुस्त होण्यासारखे असतात.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाई चालत नाही. बॅटरी आधी कापून काढायची. अल्कधर्मी द्रावाला आम्लाने शांत करायचं: जुन्या टूथब्रशला पांढरं व्हिनेगर लावून हलक्या हाताने घासायचं, हातात मोजे घालून, कारण कॅडमियम विषारी आहे. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि बोर्ड पूर्ण वाळू द्यायचा. वाळल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवून रेषा तपासायच्या. इथे एक रेषा तुटलेली निघाली. तिच्या दोन टोकांना केसासारखी बारीक वायर सोल्डर केली.

बोर्ड वाळत असतो तेवढ्यात एसएमपीएस मोजून घ्यावा. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. मोजताना त्याला काहीतरी भार द्या, एखादी निकामी जुनी डिस्क चालते. भाराशिवाय काही एसएमपीएस सुरूच होत नाहीत. बोर्डला जोडताना दोन सपाट कनेक्टर शेजारी शेजारी येतात, आणि दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड जळू शकतो. हा एकच नियम कॅबिनेटच्या आत मार्करने लिहून ठेवावा.

यानंतर बोर्डवर फक्त तीन गोष्टी ठेवायच्या: प्रोसेसर, रॅम आणि स्पीकर. स्पीकर विसरू नका. कित्येक मशीनमध्ये त्याची वायर कधीच निघालेली असते आणि बीप ऐकू येत नाही म्हणून बोर्ड मेला समजलं जातं. डिस्प्ले कार्डही न लावता चालू केल्यावर बीप आली, तर ती आनंदाची बातमी आहे: प्रोसेसर, बायोस आणि वीज जिवंत आहेत. बीपची भाषा बायोसच्या कंपनीवर ठरते. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डची तक्रार. एएमआयमध्ये तीन आखूड म्हणजे मेमरीच्या पहिल्या ६४ किलोबाइटमध्ये दोष, सहा म्हणजे वर सांगितलेली कीबोर्डची चिप. अजिबात बीप नसेल तर दोन आकडे दाखवणारं पोस्ट कार्ड स्लॉटमध्ये लावायचं. बायोस प्रत्येक पायरीला एक क्रमांक पाठवत असतो, आणि शेवटचा क्रमांक म्हणजे अडलेला पुठ्ठा.

वायर जोडल्यावर आमच्या मशीनने तीन आखूड बीप दिल्या. रॅमच्या पट्ट्या काढल्या, टोकं खोडरबराने पुसून अल्कोहोलने साफ केली, पुन्हा बसवल्या. तीन बीप गेल्या. मग डिस्प्ले कार्ड. ४८६ च्या काळातली व्हीएलबी कार्डं लांबलचक असतात, घट्ट बसतात आणि वर्षानुवर्षं थरथरत थोडी वर सरकतात. कार्ड काढून, स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवून, ते दोन्ही टोकांनी सारखं दाबून बसवलं. पडद्यावर मेमरीचे आकडे धावायला लागले.

त्यानंतर जे आलं त्याने बरेच जण पुन्हा घाबरतात: सीमॉसची (सेटिंग साठवणाऱ्या मेमरीची) बेरीज चुकली, तारीख १९८०, हार्डडिस्क नाही. हा बिघाड नाही. बॅटरी काढल्यामुळे मशीन सगळं विसरलंय, एवढंच. डिस्कवरच्या लेबलावर तीन आकडे असतात: सिलिंडर, हेड, सेक्टर. आमच्या डिस्कवर ८२६, १६, ६३ होते. त्यांचा गुणाकार करून ५१२ ने गुणलं की सुमारे ४२ कोटी ६० लाख बाइट येतात, म्हणजे त्या काळची ४२० मेगाबाइटची डिस्क. हे आकडे सेटिंगमध्ये जसेच्या तसे भरावे लागतात. चुकीचे आकडे भरून डिस्कवर काही लिहिलं गेलं, तर चांगल्या फायलींवरसुद्धा घाला पडतो. नवी बॅटरी बोर्डवर पुन्हा सोल्डर करू नये. बाहेरच्या बॅटरीसाठी बहुतेक बोर्डांवर पिना असतात. वायर काढून ती लांब कॅबिनेटच्या पत्र्याला लावावी.

डिस्क मात्र या मशीनला अजून लावायची नाही. आधी तिची पूर्ण नक्कल. यूएसबीचा अडॅप्टर हाताशी असतो, पण तो डिस्कशी एलबीए पद्धतीनेच बोलतो, आणि १९९४-९५ च्या आधीच्या बऱ्याच डिस्कना ती पद्धत कळत नाही. अडॅप्टरवर डिस्क दिसली नाही म्हणून ती गेली असं समजू नका. बोर्डवरच आयडीईचं सॉकेट असलेलं पेंटियम-३ च्या काळातलं एखादं मशीन गाठा, त्यावर लिनक्स चालवा आणि डीडीरेस्क्यू वापरा. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतो, अडलेल्या जागा एका नोंदीत टिपतो आणि शेवटी त्यांच्याकडे परततो. खराब सेक्टरवर डोकं आपटत बसल्याने डिस्क मरते. आधी चांगलं वाचवून घेणं हाच शहाणपणा. आमच्या डिस्कचा अगदी थोडा भाग वाचता आला नाही. स्मरणिकेची फाइल पूर्ण आहे.

नक्कल हाती आल्यावरही एक मोह टाळा. डिस्क दिसते पण डॉस चालू होत नाही, अशा वेळी जुने मेकॅनिक एफडिस्कने डिस्कची सुरुवात पुन्हा लिहायचे. छापखान्यांत फ्लॉप्या या हातून त्या हाती जायच्या, आणि त्यांच्याबरोबर बूट सेक्टरचे व्हायरसही. त्यांपैकी ‘मंकी’ नावाचा व्हायरस मूळ पहिला सेक्टर बदलून दुसरीकडे लपवायचा. तो असताना एफडिस्क चालवलं तर विभागांचा तक्ताच हरवतो आणि अख्खी डिस्क रिकामी भासते. जे काही करायचं ते नकलेच्या नकलेवर करा. आणि त्याआधी फ्लॉपी ड्राइव्ह उघडून बघा. आत विसरलेली फ्लॉपी असली तरी मशीन ‘ही सिस्टिम डिस्क नाही’ म्हणून अडून बसतं.

कुणी विचारेल, नक्कल मिळाली तर बोर्डसाठी एवढी खटपट कशाला? कारण मराठीचा प्रश्न इथेच सुरू होतो. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकने गिस्ट कार्ड आणलं. ते स्लॉटमध्ये बसवल्यावर डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची. १९९१ मध्ये भारतीय लिपींच्या संकेतांसाठी इस्की हे भारतीय मानक ठरलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती, पण तालुक्याच्या गावातल्या छापखान्यापर्यंत युनिकोड पोचायला फार वर्षं गेली. मधल्या काळात प्रत्येक सॉफ्टवेअरचे फॉन्ट आणि संकेत वेगळे होते, आणि कित्येक सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टमध्ये लावलेल्या लॉकशिवाय उघडत नसत. असं लॉक या मशीनच्या मागे अजून लावलेलं आहे. ते काढून टाकू नका, हरवू नका. या फायली मूळ रूपात दाखवू शकणारं, आमच्या हाताशी असलेलं हे एकमेव मशीन आहे.

म्हणून नक्कल एका ५१२ मेगाबाइटच्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवली आणि ते कार्ड आयडीईच्या अडॅप्टरवरून मशीनला लावलं. कार्डाचे हेड आणि सेक्टर मूळ डिस्कसारखेच, १६ आणि ६३, असल्यामुळे विभाग जसेच्या तसे वाचले गेले. मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, तारीख लिहून, मालकांकडे परत गेली आहे. मशीन डॉसपर्यंत आलंय, विंडोज ३.१ उघडतंय. स्मरणिकेची फाइलही उघडली, पण जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसताहेत, कारण एक फॉन्ट डिस्कच्या न वाचलेल्या भागात राहिला. तो फॉन्ट नसताना मजकूर कसा सोडवायचा आणि युनिकोडमध्ये कसा आणायचा, ते पुढच्या लेखांकात.