एक सूत्र, दोन वायु

जालना जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत आज १४.२ किलोग्रॅम वायूचा तांबडा सिलिंडर दिसतो. त्यांत मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन असतात. जुन्या पुस्तकांतील कर्ब व उज्ज, म्हणजेच कार्बन व हायड्रोजन, यांचींच हीं संयुगें होत. ब्यूटेनचें सूत्र सोपें आहे: चार कार्बन, दहा हायड्रोजन. परंतु हें सूत्र एका पदार्थाचें नसून दोहोंचें आहे.

कार्बनच्या अणूस चार हात असतात व हायड्रोजनच्या अणूस एक, असें आपण समजूं. चार कार्बन ओळीनें हात धरून उभे राहिले, तर टोकाच्या दोघांचे तीन तीन व मधल्या दोघांचे दोन दोन हात मोकळे राहतात, एकूण दहा. आतां एकास मध्यें घेऊन बाकीच्या तिघांनीं त्याचा एकेक हात धरावा. मधल्याचा एक व बाहेरच्यांचे तीन तीन, पुनः दहाच! पहिला सरळ ब्यूटेन, दुसरा आयसोब्यूटेन. अशा पदार्थांस समघटक म्हणतात. ही केवळ वहीवरची कसरत नव्हे. रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरॉव्ह यांनीं १८६० नंतरच्या दशकांत दुसरी रचना असलीच पाहिजे असें आधीं तर्कानें ठरविलें आणि मग तो वायु प्रयोगशाळेंत तयार केला.

सरळ ब्यूटेन सुमारें उणें अर्ध्या अंशास उकळतो, आयसोब्यूटेन सुमारें उणें १२ अंशांस. लांबट रेणू एकमेकांस अंगभर खेटतात. आटोपशीर रेणू कमी खेटतात, म्हणून लवकर सुटतात. चुलीस हा भेद कळत नाहीं. दोन्ही सारखेच जळतात. फ्रीजला मात्र तो कळतो. ओझोनचा नाश करणाऱ्या जुन्या वायूंच्या जागीं आतां अनेक फ्रीजमध्यें आयसोब्यूटेन भरतात; पाठीमागील पट्टीवर ‘आर-६००ए’ असें लिहिलेलें असतें. तेलशुद्धीकरणांतही त्यापासून उत्तम पेट्रोल बनवितात.

दोन्ही वायु हवेच्या सुमारें दुप्पट जड आहेत. गळती झाल्यास ते ओट्याखालीं, जमिनीलगत साचतात. म्हणून स्वयंपाकाच्या वायूंत उग्र वासाचें मर्कॅप्टन मिसळतात. वास येतांच काडी ओढूं नये, विजेचें बटण दाबूं नये. रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या व बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

फ्रीजमधील आयसोब्यूटेन असतो थोडका, शंभर ग्रॅमहूनही कमी. पण त्यास असा वास दिलेला नसतो. कारागिरानें नळीस ज्योत लावण्यापूर्वीं पालकांनीं ती पट्टी त्यास अवश्य दाखवावी.